चार फूट दहा इंच आणि मंचेरियलची उंच गाडी

गाडी मला चालवता येत होती, फक्त थांबवता येत नव्हती.

माझी उंची चार फूट दहा इंच. नवऱ्याची, म्हणजे मिलिंदची, साडेतीनशे सीसीची मोटरसायकल होती. भीमपूरच्या गावाबाहेर तो मला त्या गाडीवर शिकवायचा. शिकवायचा म्हणजे गाडी धरून मला वर बसवायचा, मी मोकळ्या वावरात चार चकरा मारायची आणि त्याच्याजवळ परत आले की तो हँडल पकडून मला उतरवून घ्यायचा. एकदा तो शेजाऱ्याशी बोलण्यात गुंतला. मी त्याच्यासमोरून तीनदा ओरडत गेले. चौथ्या फेरीला गाडी सरळ कडब्याच्या गंजीत घातली.

ही गोष्ट नव्वदीच्या मध्यावरची. तेलंगणा व्हायचं होतं, आम्ही आंध्र प्रदेशात होतो, आदिलाबाद जिल्हा अजून एकच होता आणि आमचं भीमपूर तामसी मंडलात, म्हणजे तालुक्यात, मोडायचं. मिलिंद आदिलाबादला कारकून. मी नार्नूरच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीतल्या एका लहान गावात मराठी शाळेवर शिक्षिका. नार्नूरला खोली घेऊन राहायची आणि सुट्टीला भीमपूरला यायची. नार्नूरहून शाळा नऊ किलोमीटर. बस नाही, जीप आली तर आली. निम्मा रस्ता काळ्या मातीचा, पुढे मुरूम आणि दगड, आणि शाळेच्या अलीकडे एक नाला, जो जानेवारीपर्यंत वाहता असे. पायी सव्वादोन तास लागायचे.

त्या पावसाळ्यात मला इतक्यांदा उशीर झाला की हेडमास्तरांनी दसऱ्याच्या सुट्टीआधी बोलावून घेतलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "बाई, शिकवण्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सुट्टीनंतरही असंच चाललं तर मला वर लिहावं लागेल. या गावाला पुरुष माणूसच लागतो."

माझ्या चौथीच्या वर्गात दोन मुली होत्या. त्या गावातून चौथीपर्यंत पोचलेल्या पहिल्याच. त्यांना अर्ध्यावर सोडून मी बदली घेणार नव्हते. सुट्टीच्या पहिल्याच दिवशी घरी येऊन मी जाहीर केलं, "मला गाडी घ्यायची आहे. माझी, माझ्या पायाला पुरेल अशी."

आज मला मुली विचारतात, "मॅडम, उंची कमी आहे, डांबरी आणि कच्चा दोन्ही रस्त्यांना चालेल अशी कुठली गाडी घेऊ?" तेव्हा विचारायला कोणी नव्हतं. मी एकेक गाडी पाहत गेले. मोपेड आधी वापरून झाली होती. एका मैत्रिणीची आठवडाभर मागून नेली होती. पाय दोन्ही टेकायचे, पण बारीक चाकं काळ्या मातीत अशी रुतायची की शेवटी मीच तिला ढकलत शाळेत न्यायची. मिलिंदची साडेतीनशे तर बाजूलाच राहू द्या. आदिलाबादच्या एका दुकानात शंभर सीसीची नवी गाडी पाहिली. बुटकी, हलकी, पेट्रोल कमी खाणारी. पण सायलेन्सर पार खाली. नाल्याचं पाणी सरळ आत शिरणार. मी वाकून गाडीचं पोट जमिनीपासून किती वर आहे ते वितीने मोजायला लागले तेव्हा दुकानदार म्हणाला, "ताई, मिस्टरांना पाठवा ना."

मग मिलिंदच्या ऑफिसातल्या एकाने सांगितलं, मंचेरियलला कोळसा खाणीतले एक निवृत्त सर्व्हेअर आहेत. डोंगरातून मोजणी करत हिंडायला त्यांनी स्वतःच्या हाताने एक गाडी बनवून घेतली होती. आता विकायची आहे, पण गिऱ्हाईक मिळत नाही, कारण ती कोणालाच नीट बसत नाही.

"कोणालाच का बसत नाही?" मी विचारलं.

"ते म्हणे तुझ्याएवढेच आहेत," मिलिंद म्हणाला आणि हसू दाबायला खिडकीबाहेर बघू लागला.

त्याला रजा नव्हती. मी एकटीच जाते म्हटलं. तेव्हा चुलीपुढून आवाज आला, "मी जातो तिच्यासंग."

या माझ्या सासूबाई, भागाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. आमच्या सीमेवरच्या बोलीत बायकाही 'मी जातो, मी येतो' असंच म्हणतात. पन्नाशी उलटलेली. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या वावरात निंदण-खुरपण आणि कापूस वेचण्यात गेलेलं. त्याच मजुरीवर मिलिंदला शिकवलेलं.

"आई, तू कशाला?" मिलिंद म्हणाला.

"ते एकटी गेली त लोक बोलतीन. दोघी गेलो त इचारतीन. इचारलं त मी सांगतो," आत्याबाई म्हणाल्या आणि भाकर उलटवली.

सकाळच्या बसने आदिलाबादहून निघालो. गुडीहतनूर, इंद्रवेल्ली, उटनूर, जन्नारम, लक्सेट्टीपेट आणि मंचेरियल. दुपार उलटली. उटनूर सोडलं की सागाचं जंगल सुरू होतं. पूर्वी त्या रस्त्याने जाताना मी झाडं बघायची. या वेळी फक्त रस्ता बघत होते. या खड्ड्यात पाय कुठे टेकवीन? या चढावर गाडी बंद पडली तर? आत्याबाई खिडकीला डोकं लावून म्हणाल्या, "काऊन वं, काई हरवलं काय रस्त्यात?"

मंचेरियलला उतरलो तेव्हा कोळशाने भरलेली मालगाडी स्टेशनातून निघत होती आणि हवेला कोळशाच्या धुराचा वास होता. पत्ता सापडायला वेळ लागला नाही. दारात नरसय्या स्वतः उभे होते. साठीचे, टक्कल पडलेले, माझ्यापेक्षा जेमतेम दोन बोटं उंच. मला पायापासून डोक्यापर्यंत बघून ते इतके प्रसन्न हसले की मला कळेना हसू की रागावू.

"आओ अम्मा. मेरी बंडी देखने कू आये ना?"

आत्याबाई माझ्या कानाशी लागल्या. "मोटरसायकल घ्याले आलो ना आपुन? हा बंडी काऊन म्हणून राह्यला? बैलं कुठं हायेत?"

तेलुगूत बंडी म्हणजे कुठलीही गाडी. आमच्याकडे बंडी म्हणजे बैलगाडी. मी समजावून सांगेपर्यंत नरसय्यांनी पडवीतल्या गाडीवरचं पोतं ओढून काढलं होतं.

गाडी उंच होती, मिलिंदच्या गाडीपेक्षाही उंच. इंजिन साधं शंभर सीसीचं टू-स्ट्रोक, पण पुढचं चाक मोठं, मडगार्ड चाकापासून वीतभर वर, सायलेन्सर बाजूने वर चढवलेला, इंजिनाखाली लोखंडी पत्रा आणि टायरना मक्याच्या कणसासारख्या गाठी.

"ही माझ्या उंचीच्या माणसासाठी बनवलीय?"

"ऊंची है, मालूम. बैठो तो सही."

बसले. आणि उजवा पाय फूटरेस्टवर ठेवून कंबर जराशी डावीकडे सरकवली, तर डावा पाय चवड्यापर्यंत जमिनीला लागला. मी खाली वाकून पाहिलं. सीटचा पुढचा भाग दोन्ही बाजूंनी कापून घोड्याच्या पाठीसारखा निमुळता केला होता. पाय फाकत नव्हते, सरळ खाली जात होते.

"सीट की ऊंचाई नक्को देखो. चौड़ाई देखो. चौड़ी सीट पैर खा जाती," नरसय्या म्हणाले. "और वजन देखो. ऊंची बंडी हलकी हो तो संभलती. नीची बंडी भारी हो तो मारती."

"पण दोन्ही पाय टेकत नाहीत."

"दोनों काय कू होना? एक पैर ज़मीन पे, एक पैर ब्रेक पे. बस."

उंची कमी असलेल्या कोणालाही मी आजही हेच तीन सल्ले देते आणि ते माझे नाहीत, नरसय्यांचे आहेत.

मला वाटलं व्यवहार झाला. नरसय्यांनी गाडी अंगणातल्या वाळूवर नेली आणि अलगद आडवी करून ठेवली. "अब उठाओ. नहीं उठी तो नहीं देता. जंगल में कौन आएगा उठाने कू?"

मी हँडल धरून ओढलं. गाडी वीतभर उचलली आणि परत बसली. सीटखाली हात घालून उचलून पाहिलं. कंबरेत कळ आली. आत्याबाई पदर खोचून पुढे आल्या, तर नरसय्यांनी हाताने थांबवलं. "नक्को अम्मा. इसीकू उठाना है." तिसऱ्यांदा माझा हात सायलेन्सरच्या जाळीवर घासला आणि डोळ्यांत पाणी आलं. इतक्या दूर येऊन रिकाम्या हाताने परत जायचं, आणि हेडमास्तरांना सांगायचं की तुम्ही म्हणालात ते खरं होतं. तो विचार मला हाताच्या आगीपेक्षा जास्त झोंबला.

मग तो साठीचा माणूस गाडीकडे पाठ करून उभा राहिला. हँडल आतल्या बाजूला वळवलं, गाडी गिअरमध्ये टाकली म्हणजे चाक सरकणार नाही. सीटला कंबर टेकवून खाली बसला, एक हात मागे हँडलला, दुसरा कॅरिअरला. आणि हातांनी न ओढता पायांनी मागे मागे चालत गेला. गाडी उभी राहिली.

"हातां में ज़ोर नहीं रहता अपने लोगां कू. जांघां में रहता," तो म्हणाला.

आत्याबाईंनी मान हलवली. "खरं हाय. गवताचा भारा असाच उचलतो आमी. पाठीनं."

मी पाठ फिरवली. पहिल्या वेळी अर्ध्यावर सुटली. दुसऱ्या वेळी उभी राहिली. संध्याकाळपर्यंत मी ती इतक्यांदा पाडली आणि उचलली की शेजारच्या बायका भाजी निवडत बघायला बसल्या.

त्या दोन रात्री आम्ही नरसय्यांच्याच घरी राहिलो. त्यांची बायको राजम्मा आणि आत्याबाई यांना एकमेकींची भाषा कळत नव्हती. पहिल्या जेवणात भातावर गोंगुराची चटणी आली. आत्याबाईंनी घास घेतला, थबकल्या आणि ओरडल्या, "अवं, हे त अंबाडी हाय!" राजम्मांनी परसातून झाडाची फांदीच आणून दाखवली. त्यानंतर दोघी अखंड बोलत होत्या, आपापल्या भाषेत.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून गोदावरीच्या घाटाकडच्या रस्त्यावर थांबण्याचा सराव. हो, चालवण्याचा नाही, थांबण्याचा. नरसय्या मागे बसायचे आणि मध्येच पाठीवर थाप मारायचे, म्हणजे थांबायचं. मी सवयीने रस्त्याच्या कडेला गेले आणि पाय टेकवायला गेले तर खाली जमीनच नाही. रस्त्याची कड उतरती असते, डावा पाय हवेत राहतो. "किनारे पे नक्को. थोड़ा अंदर रुको, या पत्थर देखो," ते म्हणाले. त्या दिवसापासून माझी नजर बदलली. कुठे मैलाचा दगड आहे, कुठे पुलाचा कठडा, कुठे उंचवटा, हे मी दूरवरूनच हेरायला लागले. दगडांवरून जाताना फूटरेस्टवर उभं राहायचं, पाण्यात नजर खाली न घालता पलीकडच्या काठावर ठेवायची, हेही तिथेच शिकले.

तिसऱ्या दिवशी गाडीचे पैसे मोजून दिले आणि सात वाजता निघालो. राजम्मांनी चिंचेचा पिवळा भात पळसाच्या पानात बांधून दिला. नरसय्यांनी पेट्रोलमध्ये ऑइल किती मिसळायचं ते एका बाटलीवर खूण करून दाखवलं आणि एक कॅन भरून मागे बांधली, कारण तेव्हा उटनूरच्या पुढे पेट्रोल मिळेल याची खात्री नसायची. निघताना त्यांनी गाडीच्या टाकीवर हात ठेवला. मग आत गेले.

आत्याबाई मागे एका बाजूला पाय सोडून बसल्या होत्या, त्या काळी सगळ्या बायका बसत तशा. लक्सेट्टीपेटच्या अलीकडे समोरून ट्रक आला, मी थांबले. अगदी शिकवल्याप्रमाणे थोडं आत, डावा पाय खाली. पण आत्याबाईंचं सगळं वजनही डावीकडेच. त्या ट्रक बघायला आणखी वाकल्या आणि आम्ही तिघी, गाडी धरून, सावकाश रस्त्याच्या कडेच्या गवतात आडव्या झालो. लागलं काहीच नाही. मी पाठ लावून गाडी उचलली. आत्याबाईंनी कपडे झटकले.

"हे बसणं खोटं हाय," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"एका बाजूले बसलं त बंडीबी उलटते. मधात बसा लागते."

त्यांचं लुगडं नऊवारी, कासोट्याचं. त्यांनी ते गुडघ्यापर्यंत घट्ट खोचलं, एक पाय टाकला आणि माझ्या मागे पुरुषासारख्या दोन्हीकडे पाय टाकून बसल्या. समोरच्या चहाच्या टपरीवरची सगळी माणसं बघत राहिली. एकजण काहीतरी बोललाही.

"आत्याबाई, लोक बघून राह्यले."

"पाहू दे. वावरात कासोटा कायले मारतो आमी? काम कराले ना? चाल तू."

गाडी एकदम सरळ झाली. मला वाटलं मागे कोणी बसलेलंच नाही.

जन्नारमला चहा आणि मिरचीची भजी खाल्ली. तुम्ही आज या रस्त्याने जाल तर तुम्हाला गुळगुळीत डांबर मिळेल, आणि हरणं दिसली तर गाडी थांबवून फोटो काढाल. तेव्हा डांबर म्हणजे मध्ये एक पट्टा, दोन्हीकडे खडी आणि बस आली की आपण खडीत. पण साग नुकताच फुलून गेला होता आणि मोठमोठी पानं रस्त्यावर सावली धरत होती. दिवस मावळायच्या आत जंगल पार करायचं असा तेव्हा नियमच होता. जंगलाच्या नाक्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहून घेत.

तिथल्या शिपायाने बांबू खाली टाकला. गाडीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, मग आमच्या मागच्या रस्त्याकडे बघितलं.

"चलानेवाला किधर गया?"

मी उत्तर द्यायच्या आत आत्याबाईंनी त्यांचं हिंदी काढलं. "ये क्या, सामने खडी हाय. मेरी बहू हाय. टीचर हाय. इस्कूल को जाने के वास्ते गाडी ली."

त्याने वही पुढे केली. चालकाच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं, सुजाता. त्या पानावर तेवढं एकच बाईचं नाव होतं. तो माझ्या पायांकडे बघत होता.

"पैर पहुंचते क्या?"

"एक पहुंचता है," मी म्हणाले. "एक काफी है."

बांबू वर गेला. मी निघाले, आणि मागे आत्याबाईंचं पोट हसण्याने हलताना मला पाठीला जाणवत होतं.

उटनूरला शिक्षक प्रशिक्षणातली मैत्रीण शोभा हिच्याकडे मुक्काम. तिने ज्वारीची भाकर आणि तुरीच्या दाण्यांची आमटी केली होती. माझी बोटं क्लच दाबून इतकी आखडली होती की भाकर मोडता येईना.

चौथा दिवस खरा होता. उटनूरहून सरळ आदिलाबादला गेलो असतो तर दुपारी घरी पोचलो असतो. पण सुट्टी संपायच्या आत मला शाळेपर्यंत जाऊन बघायचं होतं. नार्नूर ओलांडून आम्ही कच्च्या रस्त्याला लागलो. काळ्या मातीवर बैलगाड्यांच्या चाकोऱ्या वाळून कडक झाल्या होत्या. गाठीचे टायर त्यातून सहज चढत-उतरत होते. दगडांचा चढ आला तशी मी उभी राहिले. मागून आत्याबाईंनी माझी कंबर धरली आणि त्याही अर्धवट उठल्या. कोणी सांगितलं नव्हतं.

मग नाला. गुडघाभर पाणी, ओढ बरीच, तळाला गोटे. मी इंजिन बंद न करता काठावर थांबले. आत्याबाई उतरल्या, बाभळीची एक काठी घेतली आणि पाण्यात शिरल्या. काठीने तळ चाचपत पलीकडे गेल्या, परत मध्यापर्यंत आल्या आणि ओरडल्या, "मी जिथून आलो तिथूनच ये. इकडं खड्डा हाय."

नजर पलीकडच्या काठावर ठेवली. पहिला गिअर, क्लच अर्धा. पाणी चाकावरून दोन्हीकडे फाकत होतं. मध्य गाठला. आणि मग माझीच चूक, मी खाली बघितलं. पुढचं चाक गोट्यावरून सरकलं, मी पाय टाकला, पायाखाली काही नव्हतं. गाडी डावीकडे आडवी झाली, इंजिन बंद पडलं आणि मी छातीपर्यंत पाण्यात बसले.

आत्याबाई धावत आल्या. हँडलला हात घातला.

"नाही! सोडा."

"अवं, पाणी शिरून राह्यलं तिच्यात!"

"आत्याबाई, सोडा. सोमवारी तुमी असणार नाही इथं."

त्या थांबल्या. हात काढून घेतला आणि दोन पावलं मागे जाऊन पाण्यातच उभ्या राहिल्या. मी पाठ फिरवली. चप्पल वाहून गेली होती, तळपाय गोट्यांवर घसरत होते. पहिल्यांदा गाडी हललीच नाही. मी पाय आणखी जवळ घेतले, बसले, दात आवळले आणि मागे चालले. एक पाऊल. पाण्याने गाडीचं थोडं वजन उचललं असावं, किंवा मला तसं वाटलं. दुसरं पाऊल. गाडी उभी राहिली. मी ती ढकलत काठावर काढली, एका खडकाला लावून उभी केली, खडकावर चढून किक मारली. सायलेन्सर वरच्या बाजूला होता, पाण्याच्या बाहेर राहिला होता. आठव्या की नवव्या किकला निळा धूर सोडून इंजिन सुरू झालं.

आत्याबाई काठावर बसून लुगड्याचा पदर पिळत होत्या. मला वाटलं रडताहेत. जवळ गेले तर हसत होत्या. "तुई चप्पल गेली. माही बी गेली."

शाळेला कुलूप होतं. आत्याबाई पायरीवर बसल्या आणि खिडकीतून आतला फळा बघत राहिल्या. मी घड्याळ पाहिलं. पाण्यात पडून, चप्पल गमावून, खडकावर किक मारत बसूनही, नार्नूरहून एक तास पाच मिनिटं.

रात्र नार्नूरच्या खोलीवर काढली आणि पाचव्या दिवशी इंद्रवेल्ली, आदिलाबाद करत दुपारी भीमपूरला पोचलो. अंगणात माणसं जमली. मिलिंद गाडीभोवती दोनदा फिरला, मग ऐटीत तिच्यावर बसला. त्याचे गुडघे हँडलला लागत होते. फूटरेस्ट इतके वर की पाय मांडी घातल्यासारखे दिसत होते. दहा पावलं चालवून तो उतरला. "ही तुझीच आहे," म्हणाला, "मी मागे बसत जाईन." आणि सोमवारी तो खरंच मागे बसून आदिलाबादला आला, तिथे उतरला आणि मी पुढे गेले.

हेडमास्तरांनी वर काही लिहिलं नाही. त्या शाळेवर मी आणखी सहा वर्षं होते. त्या दोन मुली चौथी पास झाल्या, आणि त्यांच्यामागून आणखी. गाडी नाल्यात मी नंतर कितीतरी वेळा पाडली. उंची कमी असलेल्या माणसाने पडणं टाळायच्या मागे लागू नये, उचलायला शिकावं, एवढंच मी त्या प्रवासातून घेऊन आले असं पुष्कळ वर्षं मला वाटत होतं.

पण आता मागे वळून पाहते तेव्हा पहिल्यांदा आठवते ती परतल्यानंतरची दुसरी सकाळ. आत्याबाईंनी मला उठवलं. "चाल, मले एक चक्कर मारून आण."

गावापासून वावरांकडे जाणाऱ्या चाकोरीने त्यांनी मला नेलं. कापूस फुटायला लागला होता. एका धुऱ्यापाशी, वावराच्या बांधाजवळ, त्या म्हणाल्या, थांब. मी थांबले. आत बायका वेचणी करत होत्या. आत्याबाईंनी त्यांना हाका मारल्या, त्यांनी कमरा सरळ करून हात केले. हेच ते वावर, जिथे त्यांनी वीसेक वर्षं मजुरी केली होती. त्या उतरल्या नाहीत.

"चाल आता घरी. कुठीच थांबू नको."

घराच्या दारात गाडी उभी केली तेव्हा त्यांनी विचारलं, "किती येळ लागला?"

"पाच मिनिटं. कमीच."

त्या गाडीवरच बसून राहिल्या. आलो त्या चाकोरीकडे वळून बघत होत्या.

"डोक्शावर भारा घेऊन, पोराले कडेवर घेऊन येत होतो मी इथून," त्या म्हणाल्या. "वाटे का रस्ता सरूनच नाई राह्यला. एवढुसाच होता काय वं तो?"